कोनी निजेल शे का?

ड्रोन विकत घ्यायला गेलेला माणूस दुकानात काय विचारतो? कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती टिकते, पडला तर काय फुटतं. नाना विचारायचे, "हे चालू असताना माणूस निजेल का?" आणि उत्तराची वाट न बघता खिशातला मोठा रुमाल काढून दुकानाच्या फरशीवर अंथरायचे, त्यावर आडवे व्हायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हां, चालू करा."

हे त्यांनी सुरतेतल्या झाडून सगळ्या ड्रोनवाल्यांकडे केलं. प्रत्येक वेळी मी त्यांच्या चपला हातात धरून बाजूला उभी. गिऱ्हाईकं त्यांना ओलांडून जायची. एका दुकानातल्या पोऱ्याने घाबरून मला विचारलं, "अंकलने शुं थयुं?" मी म्हटलं, "काही नाही, झोपून बघतायत." तो म्हणाला, "बेन, आ गादलांनी दुकान नथी." मी म्हटलं, "हे गाद्यांचं दुकान नाही ते मलाही माहीत आहे. तू चालू कर."

नाना घरांची दलाली करायचे. उधन्यात एक खमणवाला आणि एक मोबाइल रिपेअरवाला यांच्या मधोमध त्यांचं ऑफिस होतं. पांडेसरा, बमरोली, डिंडोली या बाजूची घरं घ्यायची-विकायची असली की आपली मराठी माणसं त्यांच्याकडे यायची. नाना मूळचे खानदेशातले. तरुणपणी सुरतेला आले ते थेट पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड सुकवायच्या मशीनवर. बरीच वर्षं रात्रपाळी केली, मग मिल सोडली आणि दलाली धरली. मिल सुटली, पण मिलमधल्या सवयी काही सुटल्या नाहीत.

मी आधी लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. तो स्टुडिओ बंद पडला म्हणून नानांकडे काम मागायला गेले. त्यांनी माझं काम बघितलंच नाही. विचारलं, "घरमां रात्रपाळी कोण करस?" आमच्या घरी वऱ्हाडी बोलतात, पण एवढी अहिराणी कळते. मी म्हटलं, "बाबा करायचे. रेल्वेत." नाना म्हणाले, "ते दार लाव बरं." मी उठून दार लावलं. दिवसभर झोपलेल्या बापाच्या घरात वाढलेली पोरगी दार कसं लावणार? कडीवर बोट ठेवून, श्वास रोखून लावलं. नाना म्हणाले, "उद्यापासून ये." झाली मुलाखत.

त्यांची कामाची पद्धत अशी की कोणत्याही घराची बेल म्हणून वाजवायची नाही. दारावर नखाने खरवडायचं, मग दार जरासं उघडलं की मान आत घालून हळूच विचारायचं, "कोनी निजेल शे का?" कोणी झोपलंय का? आता पांडेसऱ्यात हे बरोबरच आहे. तिथे दिवसा घराघरात कोणीतरी रात्रपाळीचं माणूस झोपलेलंच असतं. पण नाना हे रिकाम्या घरातसुद्धा विचारायचे. नुसत्या विटा रचलेल्या, दारं न बसवलेल्या बिल्डिंगमध्येही विचारायचे. आणि विचारून थांबायचे, बरं का! उत्तर आलं नाही म्हणजे आत जायची परवानगी मिळाली, असं धरून चपला काढायचे आणि सिमेंटच्या धुळीत अनवाणी शिरायचे.

खिशात मशीनच्या तेलाची छोटी बाटली असायची. घर दाखवण्याआधी प्रत्येक दाराच्या बिजागरीला दोन-दोन थेंब. त्यामुळे नानांनी दाखवलेल्या घरात भुताटकीसारखी दारं आपोआप उघडायची. एका बाईने तेवढ्यासाठी घर नाकारलं.

घराचं माप ते फुटांत सांगायचे नाहीत, माणसांत सांगायचे. एकदा वेसूमधलं एक भारी घर बघायला एक जोडपं आलं. दोघं इंजिनियर, हातात कॉफीचे ग्लास. नानांनी बेडरूमच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "इथे आठ माणसं आरामात निजतात. पायाला पाय लागत नाही. आणि दोन पाळ्या धरल्या तर सोळा." त्या बाईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मोबाइल काढून काहीतरी महत्त्वाचा फोन आल्यासारखं केलं. परत आले नाहीत ते. नानांना त्यात आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि गंमत बघा, हा सगळ्या जगाची झोप राखणारा माणूस स्वतः झोपत नव्हता.

मिल सोडल्यापासून नानांची झोप गेली होती. झोप गेली ती आवाजामुळे, असं त्यांचं पक्कं मत. सगळं तरुणपण मशीनच्या आवाजात गेलं, डोकं किटलं, म्हणून त्यांनी अडाजणला अगदी वरच्या मजल्यावर घर घेतलं. खिडक्यांना दुहेरी काच लावली, जाड पडदे लावले, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून टाकला. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दुपारी कुकर लावायची बंदी. एवढ्या शांततेत नाना पलंगावर पडून छताकडे बघत राहायचे. डॉक्टरांनी गोळी दिली, ती घेतली, आणि गोळीचा परिणाम कधी होतो हे बघत जागे राहिले.

एक दिवस सिग्नलला स्कूटर घेऊन थांबले. हिरवा झाला तरी निघालेच नाहीत. डोळे उघडे, पण माणूस जागेवर नाही. मागून टेम्पोने ठोकर दिली, हाताला प्लास्टर बसलं. दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात आल्या. नाना बाहेर गेल्याचं बघून माझ्यासमोर बसल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "त्यासले झोप येस नही, पोरी. डॉक्टरनी सांगेल शे, हृदय थकी जाई. तू त्यासले स्कूटर चालवू देऊ नको." काकू रडत नव्हत्या, पण त्यापेक्षा रडल्या असत्या तर बरं. त्या दिवसापासून नाना मागे आणि स्कूटर माझ्या हातात. रोज सकाळी मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायची. लाल दिसले की समजायचं, आजही नाही.

ड्रोनचं खूळ आमच्या डोक्यात आपण होऊन शिरलं नाही. वेसूतला एक दलाल घरांचे असे व्हिडिओ टाकायला लागला की बघणाऱ्याने बघतच राहावं. दारातून आत, हॉलमधून किचन, किचनमधून बाल्कनी, परत बेडरूम, सगळं एका दमात. एफपीव्ही ड्रोन म्हणतात त्याला. उडवणाऱ्याने डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, मग ड्रोनला दिसतं ते आपल्याला दिसतं. आमची गिऱ्हाईकं विचारायला लागली, "नाना, तसा व्हिडिओ नाही का?"

मी एका ड्रोनवाल्याला बोलावलं. डिंडोलीतलं एक घर दाखवायचं होतं, आतल्या खोलीत घरमालक रात्रपाळी करून झोपलेला. ड्रोनवाल्याने ड्रोन सुरू केला मात्र, तो बिचारा लुंगी सावरत, "आग लागली का?" म्हणत बाहेर आला. नानांनी त्या ड्रोनवाल्याचा दंड धरून त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. मग घरमालकाला पाणी दिलं, परत झोपवलं, पांघरूण घातलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "आपला आपण घेऊ. बिनआवाजाचा. तू शिक उडवायला."

झालं. माझ्यासारख्या नवशिकीला घरात उडवता येईल असा ड्रोन शोधायचा, आणि तो गप्प असला पाहिजे. यातली पहिली अट दुकानदारांना समजायची. दुसरी ऐकून ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे.

रिंग रोडच्या एका गल्लीत ड्रोन दुरुस्त करणारा एक माणूस भेटला, त्याने मात्र सगळं नीट सांगितलं. म्हणाला, "ताई, आधी नुसता रिमोट घ्या आणि कॉम्प्युटरवर उडवून शिका. काय आपटायचं ते तिथे आपटा. मग छोटा, हलका घ्या. पंख्यांभोवती गोल कडी असलेला, म्हणजे भिंतीला लागला तर भिंत वाचते आणि तोही वाचतो. सुटे भाग जोडत बसू नका, चष्मा-रिमोटसकट एका डब्यात येतो तो घ्या. बॅटऱ्या भरपूर घ्या, एकेक बॅटरी चार-पाच मिनिटंच चालते. आणि वेसूत बाहेर उडवू नका, विमानतळ जवळ आहे." मी विचारलं, "आवाज?" तो म्हणाला, "आवाज होणारच. कड्यांमुळे उलट जास्तच घुमतो. बघा." त्याने टेबलावरचा एक कडीवाला सुरू केला. भरून आल्यासारखा जाड घूं-घूं आवाज खोलीभर झाला. नाना रुमालावर पडले होते. ते लगेच उठून बसले आणि म्हणाले, "हा नको. हा तर मिलचा ब्लोअर शे."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं दिसलं होतं मला. पण मी तेव्हा वैतागलेले होते. हातात चपला घेऊन उभी असलेली बाई दुसऱ्याचा चेहरा काय वाचणार?

मी कॉम्प्युटरवर शिकत राहिले. खोट्या घरांत शिरून खोट्या भिंतींना धडकत राहिले. नाना मागे खुर्चीत बसून मिलच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या खोलीत एकच खाट होती आणि ती दोघांची. नाना रात्री मशीनवर असले की जोडीदार खाटेवर, जोडीदार दिवसा मशीनवर गेला की नाना खाटेवर. खाट कधी गार व्हायची नाही म्हणे. "सकाळी तो यायचा," नाना सांगायचे, "मागून खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, मी उनू. तू जाय. बस. एवढं ऐकलं की माझे पाय खोलीकडे चालायला लागायचे. चालताचालताच निम्मा निजलेलो असायचो." मी आलो, तू जा. मी स्क्रीनवरून नजर न काढता हूं हूं करायची आणि भिंतीला धडकायची.

मग वेसूच्या एका बिल्डरने नवा टॉवर उभा केला. त्याने निरोप धाडला की सॅम्पल हाउसचा व्हिडिओ ज्याचा चांगला, टॉवरमधली घरं विकायला त्याला. आमच्यात आणि त्या वेसूच्या दलालात सामना. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ द्यायचा होता. मी नानांना न विचारता रिंग रोडवाल्याकडून तो कडीवाला ड्रोन आणला. नानांनी डबा उघडून बघितला आणि तोंड फिरवलं.

"नाना, ते सॅम्पल हाउस आहे," मी म्हटलं. "तिथे कोणी राहत नाही. कोणाची झोप मोडणार आहे?"

"कोनी ना कोनी निजेल ऱ्हास," नाना म्हणाले. कोणी ना कोणी झोपलेलं असतंच.

गेलो. नानांनी नव्या कोऱ्या दाराला नखाने खरवडलं, आत कोणी निजलंय का विचारलं, वाट बघितली, मग बिजागऱ्यांना तेल घातलं. शेवटी मोठ्या बेडरूममध्ये जाऊन त्या सजवलेल्या पलंगावर चपला काढून आडवे झाले. म्हणाले, "उडव. मी जागा राहिलो तर हा परत करायचा."

"नाना, बेडरूम रिकामी पाहिजे व्हिडिओत!"

"आधी माझी परीक्षा. मग तुझा व्हिडिओ."

मी चष्मा चढवला. पहिल्यांदाच खऱ्या घरात उडवत होते, तळहात घामाने चिकट झालेले. हॉलमधून गेले, किचनच्या ओट्यावरून वळले, कुठे धडकले नाही, आणि बेडरूमच्या दारातून आत शिरले. नाना उताणे पडले होते. तोंड उघडं. प्लास्टर काढलेला हात पलंगाबाहेर लोंबकळत होता. मला वाटलं, गेले. ड्रोन जागेवर घुमवत ठेवला आणि श्वास रोखून बघत राहिले. मग शर्टाचं बटण वर आलं, खाली गेलं. परत वर आलं. अहो, झोपले होते! नाना झोपले होते!

मी ड्रोन उतरवला. घर एकदम गप्प झालं, आणि आतून पलंग करकरला. डोकावून बघितलं तर नाना कपाळाला आठ्या घालून कुशीवर वळत होते, पापण्या थरथरत होत्या. मी पळत जाऊन दुसरी बॅटरी घातली. घूं-घूं सुरू झालं. आठ्या गेल्या.

आता काय करावं? बॅटऱ्या मोजक्याच. व्हिडिओ करायचा तर नानांना उठवायला हवं. नानांना झोपू द्यायचं तर बॅटऱ्या त्यातच जाणार. बिल्डरचा माणूस संध्याकाळी यायचा होता, आणि हा टॉवर मिळाला तर आमच्या ऑफिसचं नशीब फळफळणार होतं. मला काकूंचा तोंडाला लावलेला पदर आठवला. मी हॉलमध्ये मांडी घालून बसले आणि ड्रोन गोल गोल फिरवत राहिले. हॉल, किचन, हॉल, किचन. एक बॅटरी संपली की दुसरी. इतकं उडवलं की माझा हात तिथेच बसला. बाई गं, काय उडवत होते मी त्या दिवशी! एक वळण चुकलं नाही.

शेवटची बॅटरी संपली तेव्हा नाना उठून बसले. डोळे चोळत म्हणाले, "पाळी बदलनी का?"

"बदलली," मी म्हटलं.

"व्हिडिओ झाला?"

"नाही झाला."

माझ्याकडे नाना झोपलेले असतानाचा तेवढा व्हिडिओ होता. तोच बिल्डरला पाठवला, नाही तरी दुसरं काय पाठवणार? बिल्डरचा फोन आला, "बधुं सरस छे, पण बेडरूममां काका कोण छे?" टॉवर त्या वेसूच्या दलालाला गेला. नाना म्हणाले, "असो. त्या पलंगाची गादी चांगली होती."

काकूंना मी घडलं ते सांगितलं. त्या हुशार. त्यांनी ड्रोनचा आवाज मोबाइलवर भरून घेतला आणि नानांच्या उशाशी लावला. नाना जागे. मोठा लावला, तरी जागे. शेजारी तक्रार करायला आले, तेही जागे. मग काकू मला फोन करून म्हणाल्या, "त्या मशीनमां काय नही, पोरी. कसात शे मग?" मलाही कळेना. आवाज तोच. माणूस तोच. पलंग तर स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेले. नाना नेहमीप्रमाणे माझ्याआधी येऊन फोनसमोर बसलेले, डोळे लाल. त्यांच्याकडे बघताबघता माझ्या डोक्यात उजेड पडला. सॅम्पल हाउसमध्ये नुसता आवाज नव्हता. दुसऱ्या खोलीत कोणीतरी कामावर होतं. मिल सोडून हा माणूस स्वतःचा मालक झाला, आणि मालकाच्या खांद्यावर हात ठेवायला कोणी येत नाही. एवढी वर्षं झाली, नानांची पाळीच संपली नव्हती.

मी पिशवी ठेवली. टेबलाला वळसा घालून त्यांच्या मागे गेले आणि खांद्यावर हात ठेवला. मला फार अवघडल्यासारखं झालं, पण म्हटलं, "नाना, मी उनू. तुम्ही जा."

नाना वळून बघत राहिले. मग उठले, चपला घातल्या, दार आवाज न करता लावलं आणि रिक्षाने घरी गेले. दुपारी काकूंचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं लाइन खराब आहे. त्या म्हणाल्या, "निजेल शेतस. मी कुकरबी लावा, तरी उठनात नही." आणि मग मात्र त्या रडल्या.

त्यानंतर ते रोजचंच झालं. मी आले की नाना जायचे. हळूहळू यायचेच बंद झाले, चाव्या माझ्याकडे आल्या. आता ऑफिस मीच चालवते. ड्रोन तोच आहे, कडीवाला. झोपलेल्या घरात मी तो उडवत नाही, घरमालकाची झोप झाल्यावर संध्याकाळी जाते. नाना अडाजणला दणकून झोपतात. काकू आता घोरण्याची तक्रार करतात, पण ती तक्रार कशी करतात ते ऐकायला हवं.

फक्त एक झालं. माझी झोप गेली. या घराची बोलणी, त्या घराचा व्हिडिओ, कोणी फोन करील, कोणी दुसरीकडे जाईल. काकूंनीच सांगितलं असणार. परवा दुपारी ऑफिसच्या दारावर नख खरवडलं. मान आत आली.

"कोनी निजेल शे का?"

"कोणाला वेळ आहे निजायला?" मी खेकसलेच.

नाना चपला काढून आत आले. माझ्या डोळ्यांकडे बघितलं. टेबलाला वळसा घालून मागे आले आणि खांद्यावर हात ठेवला.

"मी उनू. तू जाय."

"अहो नाना, गिऱ्हाईक येणार आहे. व्हिडिओ अर्धा राहिलाय. तुम्हाला लॅपटॉप उघडता येत नाही."

"तू जाय," नाना म्हणाले आणि माझ्या खुर्चीत बसले.

आतल्या खोलीत ड्रोनच्या डब्यांच्या बाजूला मी त्यांचा रुमाल अंथरून आडवी झाले. म्हटलं, जरा पाठ टेकते, त्यांचं मन मोडायला नको. बाहेर फोन वाजला. गिऱ्हाईकाचाच असणार. नानांनी तो उचलला आणि हळूच म्हणाले, "नंतर करा. पोरगी निजेल शे." आणि ठेवून दिला.

उठायला हवं होतं. मी कूस बदलली.